कुटुंबाचा इतिहास : मिशनकार्याचे घरातले दार



मिशन रविवार नुकताच झाला. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस सगळ्या ख्रिस्तसभेसाठी ठरवून दिला. दरवर्षीप्रमाणे आपण पाकीट दिले आणि जगभरातील मिशनऱ्यांसाठी प्रार्थना केली. आता २ नोव्हेंबरला आपण कबरस्तानात जमू, आपल्या माणसांच्या कबरी झाडून त्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवू. या दोन दिवसांच्या मधल्या काळात प्रत्येक घराने स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपल्या घरात येशू ख्रिस्ताचे नाव प्रथम कोणी आणले?

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बरीच मुले सांगतात, "आम्ही पहिल्यापासूनच ख्रिस्ती आहोत." पण पहिल्यापासून कोणीच नव्हते. कोणीतरी कधीतरी पहिले पाऊल टाकले. ती आपली पणजी असेल, खापरपणजोबा असतील किंवा आपले वडीलच असतील. त्या पावलाची किंमत त्यांनी मोजली आणि ती गोष्ट आपण विसरलो. आज या लेखातून आपण एवढेच शिकू या की घराचा इतिहास शोधणे हे सुद्धा मिशनकार्य आहे, आणि ते आपल्यापैकी कोणालाही करता येते.

एका कागदासाठी आणि श्रद्धेसाठी

मराठवाड्यात २०२३ पासून 'वंशावळ' हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, सरकारने त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसीलमधील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एकदम मान आला. ज्याला आजोबांचे पूर्ण नाव ठाऊक नव्हते तो खापरपणजोबांचे नाव शोधू लागला. त्या प्रश्नाच्या राजकारणात आपल्याला येथे जायचे नाही. पण त्यातून एक गोष्ट दिसली. गरज पडली की आपली माणसे चार पिढ्या मागे जाऊ शकतात. एका कागदासाठी एवढे कष्ट घेता येतात, तर ज्या श्रद्धेवर आपण जगतो आणि मरतो, तिच्या वाटेचा शोध घ्यायला काय हरकत आहे?

विहिरीवरचा संवाद

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घरी काढून वाचा. प्रभू येशू थकून विहिरीच्या काठावर बसला आहे. शोमरोनी बाई पाण्याला येते. प्रभू तिला उपदेश करीत सुरुवात करत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. मग बोलणे कुठे जाते पाहा. ती बाई आपल्या पूर्वजाचे नाव काढते. ही विहीर आम्हाला याकोबाने दिली, तो स्वतः इथले पाणी प्याला, त्याची मुलेबाळे आणि गुरेढोरे प्याली, असे ती अभिमानाने सांगते. प्रभू तिचा तो अभिमान मोडत नाही. त्याच विहिरीच्या बोलण्यातून तो तिला जिवंत पाण्यापर्यंत नेतो. पुढे तिच्या स्वतःच्या घरादाराची दुखरी गोष्टही निघते. आणि शेवटी तीच बाई घागर तिथेच ठेवून गावात जाते आणि गावाला बोलावून आणते.

आपण माणसांना भेटायला जातो तेव्हा बहुतेक वेळा सांगण्यापासून सुरुवात करतो. प्रभूने मागण्यापासून आणि ऐकण्यापासून सुरुवात केली. कुटुंबाचा इतिहास विचारायला गेलेला माणूस काही द्यायला नाही, मागायला गेलेला असतो. "आत्या, आपले आजोबा मूळचे कोणत्या गावचे?" असे विचारले की आत्या आपल्याला बसायला पाट देते. म्हणून हे घरातले दार आहे असे मी म्हणतो.

पवित्र शास्त्रात याचे आणखी दाखले आहेत. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली देवासमोर ठेवतो आणि ठेवताना आपल्या कुळाची हकीकत म्हणतो : पूर्वज भटके होते, मिसरात गुलाम झाले, देवाने सोडवले. सुगीच्या वेळी गुलामगिरीची आठवण काढायची त्याला लाज वाटत नाही. मत्तयाने प्रभूची वंशावळ दिली आहे. तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको यांची नावे त्याने गाळली नाहीत. त्यांच्या आयुष्यात परकेपण होते, बोल लागण्यासारखे प्रसंग होते, तरीही त्या तारणाच्या इतिहासात आहेत. पौल तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेची आठवण देताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो (२ तीमथ्य १:५). तीमथ्यापर्यंत श्रद्धा आजीच्या मांडीवरून आली होती.

आपल्या मातीतली वाट

आपला औरंगाबाद धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. अमरावती धर्मप्रांत स्वतः ८ मे १९५५ रोजी नागपूरमधून निघाला होता आणि नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालची आहे. म्हणजे १९७७ पूर्वी आपल्या भागात झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद आजच्या आपल्या चर्चच्या कपाटात असेलच असे नाही. ती एखाद्या जुन्या मिशन केंद्राच्या वहीत असू शकते. सेंट फ्रान्सिस डी सेल्स संस्थेचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैजापूर तालुक्यातील घोगरगावच्या बाजूला आले आणि तिथून गावोगाव श्रद्धा पसरली. आपल्यातील काहींची मुळे त्या बाजूला निघतात.

शेजारच्या जालन्यात वेगळी वाट होती. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्कॉटिश मिशनतर्फे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिच्यासाठी निजामाचे दिवाण सालार जंग यांच्या कारकिर्दीत जमीन मिळाली. ते प्रोटेस्टंट बंधू होते. पण सोयरीक पंथ पाहून थांबत नाही, त्यामुळे आपल्या कितीतरी घरांत एक आजी कॅथलिक आणि दुसरी 'जालना मिशनची' निघते. शिवाय परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची जंक्शने. रेल्वेच्या नोकरीने लांबलांबची माणसे आपल्याकडे आली, आणि कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाल्यावर नोकरीसाठी आणखी काही आली. आपल्या चर्चच्या एका बाकावर बसणाऱ्या चार घरांच्या चार वाटा असतात. हे कळले तर आपण एकमेकांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू.

एक अनुभव

चर्चच्या जुन्या वह्या नीट लावण्याच्या कामात मी फादरांना मदत करतो. दोन वर्षांपूर्वी पंचविशीतला एक मुलगा आला. चाकणला कंपनीत कामाला. त्याला कोणतेही सर्टिफिकेट नको होते. त्याने विचारले, "माझे वडील ख्रिस्ती होते का, हे कुठे कळेल?" वडील ऊसतोडीला जायचे, फडावरून फडावर. देवळात नाही, चर्चमध्येही नाही. घरात एक आजी, तिच्या पेटीत एक मोडका क्रूस. आजीला विचारले की ती गप्प व्हायची.

वडिलांचे शाळेतले नाव वहीत सापडेना. मग आम्ही तिघे आजीकडे गेलो : तो मुलगा, मी आणि आमच्या गल्लीतला एक जण. साल विचारले तर तिला सांगता आले नाही. म्हणून मी विचारले, "तुमचा हा लेक झाला तेव्हा काय चाललं होतं?" तिने लगेच सांगितले : बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायचे काम, झोळीत लेकरू, जेवायला सुकडी आणि लाल मिलोची भाकर. आणि मग तिच्या मनातले बाहेर आले. गावाने तिला 'सुकडी खाऊन बाटलेली' म्हटले होते. लेकाला कोणी तसे म्हणू नये म्हणून तिने ती गोष्टच पुरून टाकली होती. मी विचारले, "मग खरं काय होतं, आजी?" ती म्हणाली, "सुकडी तर साऱ्या गावानं खाल्ली, लेकरा. साऱ्या गावानं येशूला हाक मारली का? माझं पहिलं लेकरू गेलं तवा माझ्या दारात सिस्टर आली, दुसरं कोण आलं न्हाई."

दुष्काळाचे साल कळल्यावर वहीतली नोंद सापडली. तिथे लेकाचे नाव एका संताचे होते, शाळेतले नाव निराळे. आणि नोंदीत धर्मपित्याचे नाव होते. ते नाव होते आमच्याबरोबर आलेल्या त्या गल्लीतल्या माणसाच्या वडिलांचे. त्याला हे माहीत नव्हते. त्याच्या वडिलांनी ज्या बाळाची जबाबदारी देवासमोर घेतली होती, ते बाळ पन्नास वर्षांचे झाले तरी त्या घरातले कोणी त्याच्या घरी गेले नव्हते. तो त्या दिवसापासून जाऊ लागला. नाताळच्या मिस्साला ऊसतोडीतून सुट्टी काढून ते वडील आले, शेवटच्या बाकावर बसले आणि प्रसाद न घेता निघून गेले. पुन्हा केव्हा येतील माहीत नाही. मुलाचा बाप्तिस्मा झाला का असे विचाराल, तर नाही. पण आजी आता गप्प बसत नाही. तिच्या क्रूसाला नातवाने भिंतीवर जागा केली आहे.

हे मिशनकार्य कसे?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ७ डिसेंबर १९९० च्या 'रिदेम्प्तोरिस मिस्सिओ' या पत्रात मिशनच्या तीन परिस्थिती सांगितल्या (क्र. ३३). एक, जिथे ख्रिस्ताची ओळखच नाही. दोन, जिथे ख्रिस्ती समाज जिवंत आहे आणि त्याची जोपासना हवी. तीन, जिथे बाप्तिस्मा झालेली माणसे श्रद्धेपासून दूर गेली आहेत. आपण मिशन म्हटले की पहिलीच परिस्थिती समजतो आणि ते काम फादर-सिस्टरांचे म्हणून सोडून देतो. तिसरी परिस्थिती आपल्या भावकीत असते. जिंतूरची मावशी, गंगाखेडचा चुलतभाऊ, पुण्याला गेलेला भाचा : कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचा राहिला, कोणाशी वीस वर्षे बोलणे नाही, हे फादरांना माहीत नसते. ते तुम्हाला माहीत असते. तुमच्या घराचा नकाशा कागदावर आला की कोणाकडे जायचे राहिले आहे ते समोर दिसते.

दुसरा फायदा आपला स्वतःचा. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली 'इव्हांजेलिई नुन्सियांदी'मध्ये लिहिले की आजचा माणूस शिकवणाऱ्यापेक्षा साक्ष देणाऱ्याचे अधिक ऐकतो (क्र. ४१). आपल्याला साक्ष द्यायला सांगितले की आपण अडखळतो, कारण सांगायला काय आहे तेच ठाऊक नसते. घराची गोष्ट माहीत असलेला मुलगा कॉलेजात मित्राने विचारल्यावर खाली मान घालत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिआ'मध्ये (२०१६) म्हटले की समाजाला इतिहासाची आठवण नसणे हा मोठा उणेपणा आहे (क्र. १९३). त्यांनीच २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा दिवस म्हणून ठरवला.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आठवा. अनेकांनी शाळेच्या पुस्तकात त्याचा उतारा वाचला असेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे दुःखाची होती. लक्ष्मीबाईंनी ते दुःख, रागलोभ आणि स्वतःच्या चुकासुद्धा जशा होत्या तशा लिहिल्या. तिथे प्रवचन नाही, घरातली गोष्ट आहे. म्हणूनच सर्व धर्मांच्या मराठी घरांनी ते पुस्तक प्रेमाने वाचले.

काम कसे करावे?

१. घरापासून सुरुवात. एका वहीत मध्यभागी आपले नाव लिहा. वर आईवडील, त्यांच्या वर चार आजी-आजोबा. आजोळची बाजू विसरू नका. श्रद्धा पुष्कळ वेळा आजोळहून येते. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी : मूळ गाव, बाप्तिस्म्याचे ठिकाण, धर्मपिता आणि धर्ममाता.

२. वृद्धांना आधी भेटा. कागद कपाटात थांबतो, माणूस थांबत नाही. दुपारच्या निवांत वेळी जा. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. मोबाईलवर आवाज भरून घ्यायचा असेल तर आधी विचारा.

३. साल विचारू नका, प्रसंग विचारा. आपल्याकडची वृद्ध माणसे प्रसंगाने काळ मोजतात : रझाकाराचे दिवस आणि पोलीस ॲक्शन (सप्टेंबर १९४८), मराठवाडा मुंबई राज्यात आला (१९५६), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (१९९३), हिंगोली जिल्हा वेगळा झाला (१९९९). निजामकाळाच्या कागदावर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

४. गाणी विचारा. जात्यावरच्या ओव्यांत बाया भावाचे नाव, माहेरचे गाव, वाटेतली नदी गुंफत असत. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तुमच्या आजीला येत असतील तर लिहून घ्या. ज्या आजीला 'माहिती सांग' म्हटले की सुचत नाही, ती गाताना सगळे सांगते.

५. चर्चच्या वहीसाठी फादरांना विचारा. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवल्या पाहिजेत असा नियम आहे (धर्मकायदा, कलम ५३५). बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, संस्कार देणारा, ठिकाण आणि तारीख असते (कलम ८७७). पुढे दृढीकरण आणि विवाह झाला की त्याचीही टीप त्याच नोंदीसमोर लिहिली जाते. म्हणून एका नोंदीतून माणसाची पुढची वाट कळते. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. नावांनी गोंधळू नका. आन्तोनियुस म्हणजे आपला अंतोनच.

६. मग भेटीला जा. वंशावळीत जे घर तुटलेले दिसेल तिथे जा. पहिल्या भेटीत प्रार्थनेचा आग्रह नको. एक जुना फोटो घेऊन जा, "यातले हे कोण?" एवढेच विचारा. दुसऱ्यांदा त्यांच्या सुखदुःखाला जा. त्यांनी विचारले तर आपली श्रद्धा सांगा.

७. घरी एकत्र या. कुटुंबातील पहिल्या बाप्तिस्म्याचा दिवस सापडला तर त्या दिवशी जपमाळ म्हणा, गोडाचे करा, आणि भावकीतल्या सगळ्यांना बोलवा. ख्रिस्ती नसलेल्या पाहुण्यांनाही बोलवा. तेही त्याच आजोबांची नातवंडे आहेत.

जपून करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, खरे तेच लिहा. कोणी औषधासाठी आले, कोणी शाळेसाठी, कोणी सवर्णांच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते म्हणून माणुसकीच्या शोधात आले. तसे असेल तर तसेच लिहा. देव माणसाला जिथे दुखते तिथून बोलावतो. खापरपणजोबांना खोटे स्वप्न पडल्याची कथा रचण्यापेक्षा त्यांच्या भुकेची खरी गोष्ट अधिक पवित्र आहे.

दुसरी गोष्ट, कोणाचे दुखणे उघडे करू नका. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध धरले जातात. त्याच वस्तीतले ख्रिस्ती धरले जात नाहीत. यामुळे घराघरांत दोन नावे आणि खूप अवघडलेपणा आहे. आपल्या वहीत जातीचा रकाना नको आणि कोणाच्या कागदपत्रांची चौकशी नको. चर्चच्या वहीचे फोटो काढायचे नाहीत. दत्तक मूल, अविवाहित आई अशा गोष्टीही तिथे नोंदलेल्या असतात, म्हणून वही फादरच उघडतील आणि हवी तेवढीच माहिती देतील. जिवंत माणसांची वंशावळ व्हॉट्सॲपवर टाकू नका.

तिसरी गोष्ट, हे आमिष नव्हे. नाते हे जाळे टाकण्यासाठी नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दोन ठिकाणी स्पष्ट केले की श्रद्धेसाठी कोणावर जबरदस्ती किंवा फूस नको (धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा आणि 'आद जेन्तेस', क्र. १३). आपल्या संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. ते आपल्याला आहे तसेच आपल्या चुलतभावालाही आहे. तो कधीच चर्चमध्ये आला नाही तरी आपली भेट वाया गेली असे समजू नका. भाऊ भेटला.

चौथी गोष्ट पूर्वजांविषयी. वंशावळ लिहिताना घराघरांत एक प्रश्न येतो : "आमचे खापरपणजोबा माळकरी होते, पंढरीला जायचे. त्यांचे काय?" त्यांची नावे आदराने लिहा. ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाला शोधत राहिले, त्यांनाही तारण मिळू शकते असे ख्रिस्तसभा शिकवते ('लुमेन जेन्सियुम', १९६४, क्र. १६). आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, मिस्सा अर्पण करतो. मृतांच्या नावाने बाप्तिस्मा मात्र आपण घेत नाही. अमेरिकेतील मॉर्मन पंथ तसे करतो आणि त्यासाठी जगभरातल्या वंशावळी जमवतो. चर्चच्या वह्या त्या कामासाठी देऊ नयेत असे व्हॅटिकनने २००८ साली सगळ्या महागुरूंना कळवले. आपला मृतांशी संबंध प्रार्थनेचा आहे. बाप्तिस्मा जिवंत माणसाचा, त्याच्या स्वतःच्या होकाराने किंवा आईवडिलांच्या श्रद्धेने होतो.

या नोव्हेंबरात

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असतात आणि पाहुणेही येतात. कारखाने सुरू होताच ऊसतोडीची माणसे बाहेर पडतील, ती पुढे पाच-सहा महिने भेटणार नाहीत. म्हणून आताच बसा. एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला सर्वांत लहान मुलाने विचारू द्या, "आजी, आपल्या घरात येशू कसा आला?" जे ऐकाल ते वहीत लिहा. आणि कबरस्तानात जाल तेव्हा ती नावे मोठ्याने घ्या. ज्यांची कबर कोठे आहे हे ठाऊक नाही, त्यांचीही घ्या.

चर्चेसाठी प्रश्न (कुटुंबात किंवा वाडीच्या प्रार्थनासभेत)

१. आपल्या घरात बाप्तिस्मा घेणारी पहिली व्यक्ती कोण? तिला त्यासाठी काय सोसावे लागले?

२. माझे धर्मपिता आणि धर्ममाता कोण? मी कोणाचा धर्मपिता किंवा धर्ममाता आहे आणि त्या मुलाला शेवटचे कधी भेटलो?

३. आमच्या भावकीत कोणते घर तुटले आहे? तिथे या महिन्यात कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तूही एका आईचा मुलगा आणि एका घराण्याचा वारस झालास. आमच्या आधी ज्यांनी तुला हाक मारली आणि त्यासाठी बोल सोसले, त्यांना तुझ्याजवळ विसावा दे. आमच्या आजी-आजोबांना बोलायला बळ दे आणि आम्हाला ऐकायला धीर दे. आमची जी माणसे दूर गेली आहेत त्यांच्या दारापर्यंत आमचे पाय ने, आणि त्यांच्या मनाचे दार तूच तुझ्या वेळेला उघड. आमेन.